पाटी उतरली, दुकान चालूच!

ठाणे-बेलापूर रस्त्यालगतचा औद्योगिक पट्टा एकेकाळी रसायनांच्या कारखान्यांसाठी ओळखला जाई. आज त्याच पट्ट्यात, ऐरोली, रबाळे, महापे या भागांत, प्रचंड माहितीकेंद्रे उभी आहेत. देशाच्या आंतरजालावरील वाहतुकीचा मोठा हिस्सा या इमारतींमधील संगणकांतून वाहतो. याच महापे येथे ऑक्टोबर २०२४मध्ये महाराष्ट्राच्या सायबर सुरक्षा प्रकल्पाच्या मुख्यालयाचे उद्घाटन झाले. फसवणूक झालेल्या नागरिकासाठी १९४५ हा मदत क्रमांकही उपलब्ध झाला. ज्या नवी मुंबईच्या रेल्वे स्थानकांबाहेर वीस वर्षांपूर्वी फळकुटावर मांडून नव्या चित्रपटांच्या नकली सीडी उघड उघड विकल्या जात, त्याच शहरातून आता या चोरीच्या नव्या अवताराशी लढाई लढली जाणार आहे. ही समाधानाची बाब आहे.

परंतु लढाईचे साधन कोणते, ते कितपत परिणामकारक आणि त्याची किंमत कोण मोजतो, हे प्रश्न समाधानाच्या भरात बाजूला पडू नयेत. चित्रपट, मालिका, क्रीडा सामने, पुस्तके आणि संगणक-प्रणाली यांच्या चोरट्या प्रती वाटणाऱ्या संकेतस्थळांविरुद्ध जगभरच्या सरकारांनी गेली पंधरा-सोळा वर्षे एक उपाय प्रामुख्याने वापरला आहे. तो म्हणजे संकेतस्थळाचे नाव, अर्थात डोमेन, जप्त करणे किंवा त्याकडे जाणारी वाट बंद करणे. ‘अमुक शे संकेतस्थळे बंद पाडली’ अशी बातमी आली की सामान्य माणसाला वाटते, चोरांचा बंदोबस्त झाला. तो खरोखर होतो काय?

नाव म्हणजे घर नव्हे

संकेतस्थळाचे नाव ही दारावरची पाटी असते. आंतरजालावरील प्रत्येक संगणकाला एक आकडी पत्ता असतो. तो माणसाच्या लक्षात राहत नाही, म्हणून सोपे नाव दिले जाते आणि कोणते नाव कोणत्या आकडी पत्त्याचे याची एक नोंदवही ठेवली जाते. ‘डॉट कॉम’ने संपणाऱ्या नावांची नोंदवही अमेरिकेतील व्हेरीसाइन ही कंपनी सांभाळते, तर ‘डॉट इन’ नावांची नोंदवही भारतातील निक्सी ही संस्था. डोमेन जप्त होते म्हणजे या नोंदवहीतील ओळ बदलली जाते. नाव टाइप केले की चोरट्या संकेतस्थळाऐवजी सरकारी मुद्रेचा फलक दिसतो.

दुसरी पद्धत याहून सौम्य. नोंदवहीला हात न लावता देशातील इंटरनेट सेवा पुरविणाऱ्या कंपन्यांना सांगायचे की, या नावाची चौकशी आली तर उत्तर देऊ नका. भारतात न्यायालयांच्या आदेशांनी बहुधा हीच पद्धत अवलंबिली जाते, कारण ज्यांची नोंद परदेशी आहे त्या नावांवर आपल्या न्यायालयांची थेट सत्ता चालत नाही.

दोन्ही प्रकारांत एक गोष्ट समान आहे. ज्या संगणकावर चोरीचा माल ठेवला आहे तो संगणक जागेवरच असतो, माल जागेवर असतो, मालक मोकळा असतो आणि त्याची मिळकतही चालू असते. गेलेली असते ती फक्त पाटी. नवी पाटी काही शे रुपयांत, काही मिनिटांत मिळते. ‘डॉट कॉम’ गेले तर ‘डॉट सीसी’, तेही गेले तर तिसरे काही. इंटरनेट कंपनीने वाट अडविली असेल, तर ग्राहक दुसऱ्या देशातील नोंदवहीला पत्ता विचारतो किंवा व्हीपीएन नावाच्या आडवाटेने जातो. दहावीतील मुलाला हे सारे ठाऊक असते. ठाऊक नसते ते बहुधा त्याच्या पालकांना.

जगाचा अनुभव

या उपायाचा मोठा प्रयोग अमेरिकेने केला. ३० जून २०१० रोजी ‘ऑपरेशन इन अवर साइट्स’ या नावाने मोहीम सुरू झाली आणि पहिल्या फेरीत नऊ संकेतस्थळांवर कारवाई झाली. त्यांपैकी टीव्हीशॅक हे संकेतस्थळ थोड्याच दिवसांत ‘डॉट नेट’ सोडून ‘डॉट सीसी’ या शेपटीसह पुन्हा अवतरले. त्याच वर्षी नोव्हेंबरअखेर आणखी ८२ नावे जप्त झाली. त्यांतील टोरंट-फाइंडर या शोधयंत्राने ‘डॉट कॉम’ गमावले आणि ‘डॉट इन्फो’वर कारभार पुढे चालू ठेवला.

स्वीडनमधील ‘द पायरेट बे’ची कहाणी तर याहून बोलकी आहे. २००३मध्ये सुरू झालेल्या या संकेतस्थळावर ३१ मे २००६ रोजी स्वीडिश पोलिसांनी धाड टाकली आणि सर्व संगणक उचलून नेले. तीन दिवसांत ते पुन्हा सुरू झाले. २००९मध्ये त्याच्या चालकांना शिक्षा झाल्या. डिसेंबर २०१४मध्ये पुन्हा धाड पडली, तेव्हा मात्र ते सुमारे सात आठवडे बंद राहिले आणि जानेवारी २०१५च्या अखेरीस परतले. मे २०१५मध्ये स्टॉकहोमच्या न्यायालयाने त्याचे ‘डॉट एसई’ नाव जप्त करण्याचा आदेश दिला, तर चालकांनी एकाच वेळी सहा देशांच्या शेपट्या लावून सहा नावे घेतली आणि बोधचिन्ह म्हणून अनेक मुखांचा ग्रीक सर्प हायड्रा मिरविला. एक मुंडके तोडले की दोन उगवतात, असा त्याचा लौकिक. आपल्याकडे हीच कल्पना रक्तबीजाच्या कथेत आहे. रक्ताचा थेंब भूमीवर पडला की नवा असुर उभा राहतो.

यामागे तांत्रिक कारणही आहे. नॅपस्टर ही गाण्यांच्या देवाणघेवाणीची सेवा २००१मध्ये न्यायालयाच्या आदेशानंतर खरोखरच बंद पडली, कारण तिची सूची एकाच ठिकाणच्या संगणकांवर होती. मूळ तोडले, वृक्ष पडला. पण त्याच वर्षी बिटटोरंट हे तंत्र आले. त्यात चित्रपट कोणा एका ठिकाणी नसतो. त्याचे हजारो तुकडे हजारो लोकांच्या संगणकांवर विखुरलेले असतात आणि संकेतस्थळ केवळ ते तुकडे कसे जुळवायचे याची खूण देते. २०१२मध्ये पायरेट बेने ही खूणही आटोपशीर करून ‘मॅग्नेट’ दुवे स्वीकारले, तेव्हा त्या अवाढव्य संकेतस्थळाची संपूर्ण सूची सुमारे ९० एमबीत मावली. पूर्वीच्या एका सीडीत अशा सात सूची सहज बसल्या असत्या. जी वस्तू खिशात घालून नेता येते, तिच्या दारावरची पाटी काढून काय साधणार?

मग कोणती कारवाई टिकली?

याचा अर्थ सरकारी कारवाईला कधीच यश आले नाही, असा मात्र नव्हे. १९ जानेवारी २०१२ रोजी मेगाअपलोड ही त्या काळची बलाढ्य सेवा बंद झाली, ती पुन्हा त्या रूपात उभी राहिली नाही. जुलै २०१६मध्ये किकअ‍ॅस टोरंट्सवर गदा आली. पुढे त्या नावाच्या नकला निघाल्या, पण मूळ सेवेचे साम्राज्य उरले नाही. या दोन्ही ठिकाणी डोमेन जप्त झाले होते हे खरे. परंतु तेवढेच झाले नव्हते. मेगाअपलोडच्या वेळी न्यूझीलंडमध्ये चालकांना अटक झाली, मालमत्ता गोठविली गेली, अमेरिकेतील संगणक ताब्यात आले. किकअ‍ॅसच्या कथित चालकाला पोलंडमध्ये पकडण्यात आले. जाहिरातींचे पैसे कोणत्या बँक खात्यात जातात आणि त्याच्या ई-मेलवरून कोणती खरेदी झाली, याचा माग काढत तपास अधिकारी त्याच्यापर्यंत पोहोचले.

म्हणजे फाइल-वाटपाच्या सेवेचे चार खांब असतात : नाव, संगणक, माणूस आणि पैसा. केवळ नावाचा खांब पाडला तर उरलेल्या तीन खांबांवर छप्पर उभे राहते आणि चौथा खांब दुसऱ्या दिवशी नवा बसतो. चारही एकाच वेळी पाडले तरच घर कोसळते. पहिले काम एका आदेशाने आणि एका दिवसात होते. दुसऱ्यासाठी महिनोन्‌महिने तपास, परदेशांचे सहकार्य आणि चिकाटी लागते. प्रसिद्धीला सोपे काय आणि परिणामाला आवश्यक काय, यांतील अंतर येथेच आहे.

नाकेबंदी अगदी व्यर्थ असते असेही म्हणता येणार नाही. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी ब्रिटनमधील अनुभव तपासला. २०१२मध्ये तेथे एकट्या पायरेट बेची वाट बंद केली, तेव्हा अधिकृत सेवांकडे वळणाऱ्यांत लक्षणीय वाढ दिसली नाही. लोक दुसऱ्या चोरट्या दुकानात गेले. पुढच्या वर्षी १९ संकेतस्थळे एकदम बंद केली, तेव्हा मात्र अधिकृत सेवांचा वापर वाढला. अर्थ स्पष्ट आहे. निगरगट्ट ग्राहक कशानेच थांबत नाही, पण कुंपणावर बसलेला आळशी ग्राहक चार दारे बंद दिसली की सरळ मार्गाने जातो. नाकेबंदीचा उपयोग आहे, तो एवढाच. त्याला विजय म्हणणे ही आत्मवंचना होय.

महाराष्ट्राने काय पाहिले?

आपल्या राज्याचा अनुभव या निष्कर्षाला पुष्टी देतो. १५ जून २०१६ रोजी ‘उडता पंजाब’ हा हिंदी चित्रपट प्रदर्शनाच्या दोन दिवस आधी आंतरजालावर आला. प्रतीवर ‘सेन्सॉरकरिता’ अशा अर्थाची इंग्रजी अक्षरे होती. त्याआधी सहा-सात आठवड्यांपूर्वी, २९ एप्रिल २०१६ रोजी, ‘सैराट’ प्रदर्शित झाला होता. मराठी चित्रपटाच्या इतिहासात न भूतो असे यश त्याला मिळाले, पण त्याच्याही चोरट्या प्रती गावोगाव फिरल्याच. त्या कशाने फिरल्या? संकेतस्थळाने तर खऱ्याच, पण त्याहून अधिक मोबाइल दुरुस्तीच्या टपरीवर दहा-वीस रुपयांत मेमरी कार्डात चित्रपट भरून देणाऱ्यांमुळे. त्या टपरीला डोमेन नसते, आणि जे नाही ते जप्त कसे करणार?

याच वर्षी ‘ढिशूम’ या चित्रपटाच्या निर्मात्यांनी मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. तेव्हा न्या. गौतम पटेल यांनी घेतलेली भूमिका आजही आठवावी अशी आहे. संकेतस्थळांची लांबलचक यादी समोर ठेवली म्हणून ती सरसकट बंद करण्यास त्यांनी नकार दिला. कोणत्या नेमक्या दुव्यावर चोरीचा माल आहे, हे तपासून शपथेवर सांगा, मग आदेश मिळेल, असा त्यांचा आग्रह होता. बंद केलेल्या पानावर ‘हे पाहणे हाही गुन्हा आहे’ असा समज करून देणारी सूचना झळकू लागली तेव्हा तीही न्यायालयाने दुरुस्त करावयास लावली. गुन्हा चोरट्या प्रतीच्या वितरणात, प्रदर्शनात, विक्रीत आहे, नुसत्या पाहण्यात नाही, हे स्पष्ट केले. नैतिकदृष्ट्या पाहणेही गैरच. तथापि, कायद्याच्या नावाने कायद्यात नसलेली भीती घालणे हेही गैर, हा विवेक त्या निर्णयात होता.

पुढच्या वर्षी, २०१७मध्ये, महाराष्ट्र सायबरने बौद्धिक संपदेच्या गुन्ह्यांसाठी वेगळे पथक उभारले. लंडन शहर पोलिसांचे अशाच प्रकारचे पथक त्यापूर्वीपासून कार्यरत होते. चोरट्या संकेतस्थळांची नावे खोट्या नावा-पत्त्यांवर घेतलेली असतात, हे हेरून नोंदणी संस्थांकडून ती निलंबित करवून घेण्याचा मार्ग या पथकाने चोखाळला. कल्पकता निश्चित होती. परंतु ऑगस्ट २०१७मध्येच ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या परदेशी मालिकेचा एक भाग प्रक्षेपणापूर्वी फुटला आणि त्या प्रकरणी महाराष्ट्र पोलिसांनी चौघांना अटक केली. तपासातून समोर आले की माल बाहेरच्या चोराने फोडला नव्हता. तो हाताळणाऱ्या कंपनीच्या आतल्या यंत्रणेशी संबंधित आजी-माजी कर्मचाऱ्यांवर संशय होता. तिजोरीची किल्ली घरातल्याच हाती असेल, तर रस्त्यावरच्या नाकेबंदीने काय होणार?

दक्षिणेतील तमिळरॉकर्सचे उदाहरण यादीच्या मर्यादा दाखवून देते. मार्च २०१८मध्ये केरळ पोलिसांनी त्याच्याशी संबंधित काही जणांना अटक केली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रजनीकांत यांच्या ‘२.०’ या चित्रपटासाठी मद्रास उच्च न्यायालयाने बारा हजारांहून अधिक संकेतस्थळे बंद करण्यास सांगितले. त्यांत दोन हजारांहून अधिक नावे एकट्या तमिळरॉकर्सची होती. २९ नोव्हेंबरला चित्रपट लागला आणि त्याच दिवशी तो तमिळरॉकर्सवर आला. बारा हजार पाट्या उतरविल्या, तेरा हजारावी लागलीच होती.

दिल्ली उच्च न्यायालयाने १० एप्रिल २०१९ रोजी मुंबईच्या यूटीव्ही कंपनीच्या दाव्यात या पळवाटेवर उतारा शोधला. १३३७एक्स आदी संकेतस्थळांविरुद्धच्या त्या निकालात ‘गतिमान मनाई हुकूम’ ही संकल्पना आली. त्याच चोराने नव्या नावाने दुकान थाटले, तर नवा दावा न लावता न्यायालयाच्या सहनिबंधकांकडे अर्ज करून ते नाव जुन्या आदेशाला जोडता येते. २०२३मध्ये त्याच न्यायालयाने हा उपाय आणखी विस्तारला आणि भविष्यात येणाऱ्या कलाकृतींनाही संरक्षण दिले. संसदेनेही २०२३मध्ये सिनेमॅटोग्राफ कायद्यात दुरुस्ती करून चित्रपटाचे अनधिकृत चित्रीकरण व प्रसारण यांना किमान तीन महिने ते तीन वर्षे कारावास आणि किमान तीन लाख रुपयांपासून निर्मितीच्या लेखापरीक्षित खर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड अशी शिक्षा ठेवली. त्याच नोव्हेंबरमध्ये सेन्सॉर मंडळ व माहिती-प्रसारण मंत्रालयात तक्रारींसाठी अधिकारी नेमले गेले. न्यायालयाच्या फेऱ्या न मारता ४८ तासांत कारवाईची सोय झाली. लहान निर्मात्याला हा मोठाच दिलासा आहे. पण गती वाढली तरी दिशा तीच राहिली. पळणाऱ्याच्या मागे अधिक वेगाने धावणे आणि पळणाऱ्याला पकडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

सुक्याबरोबर ओलेही जळते

या उपायाची दुसरी बाजू मध्यमवर्गीय कुटुंबांनी अधिक काळजीने पाहावी, कारण ती किंमत त्यांच्याच खिशातून जाते. नोव्हेंबर २०१४मध्ये मुंबईतील न्यायालयाच्या आदेशावरून, राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाच्या विनंतीनुसार, ३२ संकेतस्थळे बंद करण्यास सांगण्यात आले. हेतू देशहिताचा होता. आयसिसचा विखारी प्रचार रोखायचा होता. परंतु यादीत गिटहब होते, ज्यावर लाखो अभियंते आपले काम ठेवतात, विमिओ होते, आणि इंटरनेट आर्काइव्हही होते. हिंजवडीपासून ऐरोलीपर्यंतचे तरुण अभियंते कामाच्या मध्येच खोळंबले. पुढे काही संकेतस्थळे खुली करण्यात आली.

ऑगस्ट २०१७मध्ये पुन्हा तेच घडले. दोन हिंदी चित्रपटांच्या निर्मात्यांनी मद्रास उच्च न्यायालयाकडून मिळविलेल्या आदेशातील अडीच हजारांहून अधिक नावांच्या यादीत इंटरनेट आर्काइव्ह सापडले आणि देशभर बंद झाले. ज्या ग्रंथालयात जुनी, छपाईबाहेर गेलेली, कोणत्याही दुकानात न मिळणारी हजारो मराठी व संस्कृत पुस्तके अभ्यासकाला विनामूल्य वाचावयास मिळतात, ते ग्रंथालय चार दिवसांच्या चित्रपटासाठी कुलूपबंद व्हावे, हा न्याय कोणता? मे २०२०मध्ये टाळेबंदीच्या काळात, घरून काम करणारे लोक मोठ्या फाइली पाठविण्यासाठी ज्या वीट्रान्सफर सेवेवर अवलंबून होते, तिच्यावरही दूरसंचार विभागाने बंदी घातली.

अमेरिकेतही याहून वेगळे घडले नाही. २०१०च्या मोहिमेत जप्त झालेले संगीतविषयक एक संकेतस्थळ सरकारने वर्षभराहून अधिक काळ दाबून ठेवले आणि खटला न भरताच डिसेंबर २०११मध्ये परत केले. स्पेनमधील रोजाडिरेक्टा हे क्रीडाविषयक संकेतस्थळ स्वतःच्या देशातील न्यायालयांत निर्दोष ठरलेले होते. त्याचीही नावे दीड वर्षाने परत करावी लागली. मेगाअपलोड बंद झाले तेव्हा ज्यांनी तेथे स्वतःची छायाचित्रे, स्वतःचे चित्रीकरण विश्वासाने ठेवले होते, त्या प्रामाणिक ग्राहकांचे साहित्यही गेले. चोर नव्या पत्त्यावर जातो. सज्जनाला नवा पत्ता शोधण्याची कला अवगत नसते. म्हणून आंधळ्या नाकेबंदीचा फटका बहुधा सज्जनालाच बसतो.

पैशाचा माग काढा

मग करावे काय? या प्रश्नाचे उत्तर नवी मुंबईच्या मैदानांपासून फार दूर नाही. २०२३च्या आयपीएल स्पर्धेचे आंतरजालावरील अधिकार व्हायकॉम १८ या कंपनीकडे होते. तिने तक्रार केली की, फेअरप्ले नावाचे सट्ट्याचे अ‍ॅप हे सामने अनधिकृतपणे दाखवीत असून त्यामुळे शंभर कोटींहून अधिक महसूल बुडाला. मुंबईत गुन्हा नोंदला गेला, महाराष्ट्र सायबरने तपास केला आणि पुढे सक्तवसुली संचालनालयाने पैशाच्या व्यवहारांची चौकशी हाती घेतली.

या प्रकरणातील खरी मेख वेगळीच आहे. त्या वर्षी जिओसिनेमावर आयपीएलचे सामने प्रेक्षकांना अधिकृतपणे फुकट दिसत होते! जे फुकट मिळते ते चोरण्याचे कारण काय? कारण एवढेच की, सामना हा माल नव्हताच. तो गळाला लावलेला आमिषाचा तुकडा होता. खरा धंदा सट्ट्याचा होता. चोरटी संकेतस्थळे दानधर्म करीत नाहीत. चित्रपट फुकट, पण त्याच्या चहूबाजूंना जुगाराच्या, अश्लील साहित्याच्या आणि फसव्या कर्जांच्या जाहिराती. एका बटणामागे दडलेली, मोबाइलमधील माहिती चोरणारी प्रणाली. वडील समजतात मुलगा चित्रपट पाहतो आहे. प्रत्यक्षात त्याला जुगाराच्या दारात नेऊन उभे केलेले असते. तिकिटाचे दोनशे रुपये वाचविण्याच्या नादात बँक खाते उघडे पडते. हा केवळ निर्मात्याच्या नफ्याचा प्रश्न राहत नाही. तो घराच्या सुरक्षिततेचा आणि संस्काराचा प्रश्न होतो.

रक्तबीजाचा वध शस्त्रांचे घाव वाढवून झाला नाही. रक्ताचा थेंब भूमीवर पडण्याआधीच देवीने तो टिपून घेतला, तेव्हा असुर निपजणे थांबले. चोरट्या संकेतस्थळांचे रक्त म्हणजे पैसा. जाहिरातदार कोण, त्यांच्या वतीने पैसे पोहोचविणारे मध्यस्थ कोण, कोणत्या खात्यातून व कोणत्या आभासी चलनातून ते देशाबाहेर जातात, याचा माग काढणे हेच महापेच्या नव्या यंत्रणेचे पहिले काम असावयास हवे. तिच्याकडे तज्ज्ञ आहेत, साधने आहेत, अधिकार आहेत. वर्षअखेरीस तिने ‘इतकी संकेतस्थळे बंद केली’ एवढेच सांगून थांबू नये. इतकी खाती गोठविली, इतके सूत्रधार न्यायालयात उभे केले, त्यांतील इतक्यांना शिक्षा झाली, हेही सांगावे. आकडा पाट्यांचा नको, पायांचा हवा.

दुसरे काम चित्रपटसृष्टीचे. ‘उडता पंजाब’च्या प्रतीवरील अक्षरे आणि ‘गेम ऑफ थ्रोन्स’च्या प्रकरणातील अटका हेच सांगतात की, अनेकदा पहिली फट आतूनच पडते. संकलन, ध्वनिमुद्रण, उपशीर्षके, परीक्षण या प्रत्येक टप्प्यावर प्रत कोणाच्या हाती होती याची अदृश्य खूण प्रतीवर उमटविता येते. मोठ्या कंपन्या ते करतात. मराठी निर्मात्यांच्या संघटनांनी एकत्र येऊन लहान निर्मात्यांसाठी ही सोय उभारली पाहिजे.

तिसरे काम पुरवठ्याचे. गाण्यांची चोरी केवळ धाडींनी कमी झाली नाही. २००३मध्ये अ‍ॅपलने एक गाणे एका डॉलरहूनही कमी दरात अधिकृतपणे विकण्यास आरंभ केला, पुढे अल्प मोबदल्यात किंवा जाहिरातींच्या बळावर गाणी ऐकविणाऱ्या सेवा आल्या आणि चोरून गाणी उतरवून घेण्याचे कष्ट लोकांनाच नकोसे झाले. मराठी चित्रपटाला मल्टिप्लेक्समध्ये दुपारी बाराचा एकच खेळ मिळतो, तोही एका आठवड्यात उतरतो, आणि पुढे कित्येक महिने तो कोठेच अधिकृतपणे पाहता येत नाही, अशी तक्रार वर्षानुवर्षे ऐकू येते. गडचिरोलीतील, बेळगावातील किंवा परदेशातील मराठी कुटुंबाने पैसे देऊन तो पाहावयाचे ठरविले, तरी मार्ग नसतो. जेथे दुकानच नाही तेथे चोरबाजार भरतो. मराठी पुस्तकांच्या पीडीएफ प्रती ज्या वेगाने व्हॉट्सअ‍ॅप आणि टेलिग्रामवर फिरतात, त्यामागेही हेच कारण काही अंशी आहे. टेलिग्रामच्या एका समूहाला ना डोमेन असते ना पाटी. तेथे डोमेनजप्तीचा मंत्र चालतच नाही.

न्यायालयांनी आणि प्रशासनाने बंदीच्या प्रत्येक आदेशाची यादी जाहीर करावी, तिला कालमर्यादा घालावी आणि चुकून अडकलेल्या निर्दोष संकेतस्थळाला काही दिवसांत दाद मिळेल अशी सोय ठेवावी. कायदा जितका काटेकोर, तितका त्याचा धाक अधिक.

चोरी ती चोरीच

शेवटचे काम घराघरांचे आहे. सोसायटीच्या दारातील सायकल उचलून नेणाऱ्याला आपण चोर म्हणतो. पण कोणी शंभर माणसांच्या वर्षभराच्या श्रमांतून झालेला चित्रपट सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप समूहावर टाकला, तर त्याचे आभार मानतो. लेखक, संगीतकार, छायालेखक, वेशभूषाकार, प्रकाशयोजना करणारा कामगार हे सारे आपल्यासारखेच मध्यमवर्गीय आहेत. मराठी चित्रपटाचे आणि मराठी पुस्तकाचे अर्थकारण इतके नाजूक असते की, काही हजार प्रामाणिक ग्राहकांच्या असण्या-नसण्यावर पुढची कलाकृती निर्माण होणार की नाही हे ठरते. भाषेच्या अभिमानाची भाषणे ऐकून टाळ्या वाजवायच्या आणि त्याच भाषेतील पुस्तकाची चोरीची प्रत पुढे ढकलायची, हा दुटप्पीपणा होय.

फाइल-वाटपाच्या चोरट्या सेवा डोमेन जप्त केल्याने बंद पडतात काय, या प्रश्नाचे उत्तर अनुभवाने दिले आहे. पाटी काढल्याने गर्दी थोडी पांगते, दुकान बंद होत नाही. दुकान बंद होते ते मालक गजाआड गेला, गल्ला जप्त झाला आणि गिऱ्हाईक फिरकेनासे झाले म्हणजे. पहिली दोन कामे शासनाची आहेत आणि ती त्याने निर्धाराने करावीत. तिसरे काम कोणत्याही न्यायालयाच्या आदेशाने होणारे नाही. ते ज्याच्या त्याच्या हातातील मोबाइलवरच व्हावयाचे आहे.